हात वर केला की मुंग्या, आणि रिपोर्ट मात्र नॉर्मल: थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम ही काय भानगड आहे

अमेरिकेतल्या बास्केटबॉल-बेसबॉलच्या बातम्या वाचणाऱ्यांना हे नाव आता ओळखीचं झालंय. दर थोड्या दिवसांनी कुणीतरी खेळाडू 'थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम'मुळे सीझनबाहेर जातो. गंमत अशी की एक जण नुसत्या फिजिओथेरपीवर परत खेळायला लागतो, दुसऱ्याची चक्क बरगडी काढतात आणि तिसऱ्याला त्याच नावाच्या आजारात स्ट्रोक येतो. मग वाचणाऱ्याला कळत नाही की हा आजार किरकोळ आहे का भयंकर. आपल्याकडे वेगळाच सीन असतो, पोरगा जिमला जायला लागला, खांदा दुखला म्हणून एक्स-रे काढला, रिपोर्टमधे 'सर्व्हायकल रिब' असं काहीतरी लिहून आलं, आणि घरात सगळे गूगल करत बसले.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे असे घाबरलेले चेहरे बरेच बघते. आणि त्याच्या बरोबर उलटे, म्हणजे दोन-दोन वर्षं हात दुखतोय, एमआरआय नॉर्मल, घरचे म्हणतात कामं टाळायची नाटकं, असेही बघते. दोघांनाही मी आधी एकच सांगते, हे नाव एक असलं तरी आजार तीन आहेत, आणि तुम्हाला त्यातला कुठला आहे (किंवा कुठलाच नाही) हे ठरल्याशिवाय पुढचं काहीच ठरवता येत नाही.

आधी जागा समजून घेऊ

कॉलर बोनच्या वर, मानेच्या बुडाशी जो खळगा असतो तिथे दोन बोटं हलकेच दाबून बघा. बारीक माणसाला तिथे आत ठोका लागतो. ही हाताकडे जाणारी मोठी धमनी. तिच्याच अंगाला लागून मानेतून निघालेल्या नर्व्हजचं जाळं जातं, त्याला ब्रॅकियल प्लेक्सस म्हणतात, खांद्यापासून करंगळीपर्यंत सगळ्या हाताचं हलणं आणि कळणं याच्यावर चालतं. आणि थोडं पुढच्या बाजूने हातातलं रक्त हृदयाकडे परत नेणारी मोठी शीर जाते.

मुंबईत जुन्या दोन बिल्डिंगांच्या मधे हाऊस गल्ली असते ना, तसली ही जागा. जेमतेम माणूस जाईल एवढी बोळ, आणि त्यातूनच लाइटच्या वायरी, पाणी आणणारा पाइप आणि सांडपाणी नेणारा पाइप. वायरी म्हणजे नर्व्हज, पाणी आणणारा पाइप म्हणजे धमनी, नेणारा म्हणजे शीर. आपल्या या गल्लीची जमीन म्हणजे पहिली बरगडी, वरचं छत म्हणजे कॉलर बोन, आणि भिंती म्हणजे मानेतून बरगडीवर उतरणारे स्केलीन नावाचे स्नायू. पुढे खांद्याजवळ छातीच्या पेक्टोरॅलिस मायनर या स्नायूखालूनही हेच सगळं जातं, तिथेही जागा तंगच.

फरक एवढाच की ही गल्ली स्थिर नाही, हात डोक्यावर नेला की छत खाली येतं. निरोगी माणसातही येतं, पण कामापुरती जागा उरते म्हणून आपल्याला कळत नाही. ज्याची जागा मुळातच कमी आहे त्याला कळतं, आणि या दबण्यालाच थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम म्हणतात.

कमी का असते? काहींना मानेच्या शेवटच्या मणक्याला जन्मतःच एक जादा बरगडी असते, तीच ती सर्व्हायकल रिब. काहींना बरगडी नसते पण तिच्या जागी दोरीसारखा कडक पट्टा असतो, जो एक्स-रेमधे दिसत नाही. कुणाचं कॉलर बोन मोडून वेडंवाकडं जुळलेलं असतं. बाइकवरून पडल्यावर किंवा गाडीला मागून धडक बसून मानेला हिसका बसला असेल तर स्केलीन स्नायू आखडून बसतात. आणि मग वर्षानुवर्षं हात वर ठेवून करायची कामं: सीलिंगला रंग मारणारे, वायरमन, पार्लरवाल्या, बॉल फेकणारे, पोहणारे, जिममधे खांदे नि छाती एवढीच मारणारे.

तीन खेळाडू, तीन आजार

मार्केल फुल्ट्झ २०१७ साली एनबीएच्या (अमेरिकेतली मोठी बास्केटबॉल लीग) ड्राफ्टमधे, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, पहिल्या नंबरवर निवडला गेला. फिलाडेल्फियाकडे आल्यावर काही महिन्यांत त्याचं शूटिंग असं बिघडलं की फ्री थ्रो मारताना हात मधेच अडखळायचा. त्याचे व्हिडिओ व्हायरल झाले, लोकांनी निष्कर्ष काढला की पोराने दडपण घेतलंय, डोक्यातला प्रॉब्लेम आहे. डिसेंबर २०१८ मधे निदान आलं, न्यूरोजेनिक थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम, म्हणजे वायरी दबणारा प्रकार. फिजिओथेरपी झाली आणि २०१९-२० च्या सीझनला तो ऑर्लँडोकडून नियमित खेळला. या आजाराच्या पेशंटपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त लोक याच प्रकारातले असतात.

ब्रँडन इन्ग्रमची गोष्ट वेगळी. मार्च २०१९ मधे लेकर्स या बास्केटबॉल टीमकडून खेळताना त्याच्या उजव्या हाताच्या शिरेत रक्ताची गुठळी सापडली. हा शिरेचा प्रकार, शंभरात तीन-पाच जणांचा. त्याचं लगेच ऑपरेशन करून जागा मोकळी केली, आणि पुढच्याच सीझनला पठ्ठ्या ऑल-स्टार झाला.

तिसरा जे. आर. रिचर्ड, ह्यूस्टनचा बेसबॉल पिचर (बॉल टाकणारा), सहा फूट आठ इंच उंच, १९७९ च्या एका सीझनमधे ३१३ बॅटर स्ट्राइकआउट, म्हणजे बाद, केलेला. १९८० च्या उन्हाळ्यात तो सांगत होता की हात मेल्यासारखा वाटतोय, बोटं बधिर होतायत. पेपरवाल्यांनी आळशी म्हटलं, नखरे म्हटलं. तपासणीत उजव्या हाताच्या धमनीत अडथळा दिसला तरी हलका सराव चालेल असं ठरलं. ३० जुलै १९८० ला सराव करतानाच तो कोसळला, स्ट्रोक. कॉलर बोन आणि पहिली बरगडी यांच्यात धमनी चिमटली जात होती आणि तिथेच गुठळी धरली होती. तो परत कधीच मेजर लीगमधे खेळला नाही. धमनीचा प्रकार शंभरात एखाद्याचा, पण सगळ्यात धोक्याचा.

यातल्या फुल्ट्झ आणि रिचर्डच्या गोष्टीत एक धागा सारखा आहे, दोघांवरही आधी लोकांनी विश्वास ठेवला नाही. आपल्याकडे ऑफिसात नि घरात हेच चालतं, फक्त त्याची बातमी होत नाही.

मला यातलं कुठलं आहे, हे कसं ओळखायचं

नर्व्हचा प्रकार हळूहळू येतो. मान, खांदा, काख, छातीचा वरचा भाग यात दुखणं, आणि मुंग्या किंवा बधिरपणा मुख्यतः करंगळी, तिच्या शेजारचं बोट आणि कोपरापासून मनगटापर्यंतची आतली बाजू. हात वर गेला की वाढतं, खाली आणून झटकला की बरं वाटतं. केस धुताना, दोरीवर कपडे वाळत घालताना, लोकलमधे कडी धरून उभं राहिल्यावर. माझ्याकडे एक पार्लर चालवणाऱ्या बाई येत होत्या, त्यांची तक्रार अशी की ब्लो ड्राय करताना डाव्या हातातला गोल ब्रश आपोआप सुटून पडतो, गिऱ्हाइकाला वाटतं ताईंचं लक्ष नाही. दुखतंय असं त्या म्हणतच नव्हत्या, "हात दमतो" एवढंच. हा दमणारा हात ऐकला की माझे कान टवकारतात. फार जुन्या केसमधे अंगठ्याच्या बुडाशी जो मांसल उंचवटा असतो तो सपाट व्हायला लागतो. दोन्ही हात शेजारी ठेवून बघितलं की फरक दिसतो, आणि असा फरक दिसला तर मग व्यायाम करत वाट बघण्यात वेळ घालवायचा नाही.

शिरेचा प्रकार एका दिवसात येऊ शकतो. जोरात पुल-अप्स मारले, दिवसभर क्रिकेट खेळलं, घर शिफ्ट करताना कपाटं उचलली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळा हात सुजलेला, जड, निळसर, अंगठी निघेना, खांद्यावर आणि छातीवर हिरव्या-निळ्या शिरा उठून दिसतायत. पेशंट बहुतेक वेळा तरणाताठा आणि तब्येतीने चांगला असतो, त्यामुळे "स्नायू ओढला गेला असेल, शेकून घे" असं म्हणून दोन आठवडे जातात. ते घालवू नका. एका हाताला अशी सूज म्हणजे त्याच दिवशी डॉक्टर, त्याच दिवशी सोनोग्राफी, कारण गुठळीचा तुकडा फुप्फुसात जाऊ शकतो. आणि हो, मालिश अजिबात नाही.

धमनीच्या प्रकारात हात सुजत नाही, उलट थंड पडतो, पांढरा पडतो, काम करताना वळतो, बोटांच्या टोकांना दुखरे काळपट ठिपके येतात. ही सुद्धा इमर्जन्सी.

एक वेगळी गोष्ट इथेच सांगून टाकते. डावा हात आणि छाती अचानक दुखायला लागली, घाम फुटला, दम लागला, तर हा लेख बाजूला ठेवून आधी ईसीजी काढा.

"पण माझा एमआरआय आणि नर्व्ह टेस्ट नॉर्मल आलीय"

येऊ शकते. शिरेचा आणि धमनीचा प्रकार डॉपलर (रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या) सोनोग्राफीत किंवा सीटी अँजिओग्राफीत दिसतो, तिथे फारसा वाद नाही. नर्व्हच्या प्रकाराचं तसं नाही. नर्व्ह फक्त हात वर असताना दबते आणि टेस्ट करताना तुम्ही हात खाली ठेवून आडवे पडलेले असता, तर मशीनला काय दिसणार? ईएमजी आणि नर्व्ह कंडक्शन या टेस्टमधे बिघाड दिसायला नर्व्हचं बऱ्यापैकी नुकसान झालेलं असावं लागतं, आणि बहुतेक पेशंट त्या पायरीपर्यंत गेलेलेच नसतात. म्हणून नॉर्मल रिपोर्टचा अर्थ "अजून नुकसान झालेलं नाही" असाही होतो, "काही नाही" असाच होतो असं नाही.

मग या टेस्ट करायच्या कशाला? तर दुसरं काही नाही ना हे बघायला. कार्पल टनेलमधे मनगटात नर्व्ह दबते, तिथे मुंग्या अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांना येतात आणि रात्री झोपेतून उठवतात. कोपरात नर्व्ह दबली तर करंगळीच बधिर होते, पण मनगटाच्या वर, हाताच्या आतल्या बाजूची कातडी सहसा बधिर होत नाही, ती झाली तर भानगड वर गळ्याजवळ किंवा मानेत आहे असा संशय घ्यायचा. मानेतली डिस्क सरकली तरी हात असाच दुखतो. आणि सिगारेट ओढणाऱ्याचा खांदा आणि हाताची आतली बाजू सतत, रात्रंदिवस ठणकत असेल तर छातीचा एक्स-रे हवाच, कारण फुप्फुसाच्या टोकाला झालेली गाठसुद्धा याच नर्व्हजवर दाब देते.

तपासणीत एक सोपी चाचणी असते, रूस टेस्ट. दोन्ही हात चोर पोलिसांसमोर करतो तसे वर, कोपरं खांद्याच्या लेव्हलला, आणि तीन मिनिटं मुठी हळूहळू उघडझाप. पेशंट असेल तर मिनिटभरातच हात जड व्हायला लागतो, मुंग्या येतात, आणि बरेच जण तीन मिनिटं व्हायच्या आत हात खाली टाकतात. दुसरी अ‍ॅडसन टेस्ट, मान वळवून दीर्घ श्वास घ्यायला लावतात आणि मनगटाची नाडी जाते का बघतात.

आता रीलवाले या टेस्ट घरी करायला लावतात आणि म्हणतात नाडी गेली ना, म्हणजे तुम्हाला टीओएस (थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम) आहे. साफ चूक. हात वर करून नाडी मंदावणं कितीतरी धडधाकट लोकांत होतं, तीन मिनिटं हात वर ठेवून कुणाचेही खांदे भरून येतात. या टेस्टमधे नेहमीची तीच तक्रार, त्याच बोटांत, त्याच हातात उमटली तरच तिला अर्थ. शंका राहिली तर स्केलीन स्नायूत सोनोग्राफीखाली बधिर करण्याचं इंजेक्शन देतात, काही तासांपुरतं का होईना पण हाताला स्पष्ट आराम पडला तर निदानाला बळ येतं, आणि पुढे ऑपरेशनचा उपयोग होईल का याचाही अंदाज येतो.

"एक्स-रेमधे जादा बरगडी दिसलीय, काढून टाकू?"

थांबा. शंभरातल्या साधारण एकाला किंवा त्याहूनही कमी लोकांना सर्व्हायकल रिब असते, आणि त्यातल्या बहुतेकांना आयुष्यात तिचा पत्ताही लागत नाही. दुसऱ्याच कशासाठी तरी एक्स-रे काढला म्हणून ती दिसते. त्रास नसेल तर काढायची नाही. त्रास असेल तरी तो तिच्यामुळेच आहे हे आधी ठरवायचं. उलट बाजूने, बरगडी नाही म्हणजे टीओएस नाही असंही नाही, बऱ्याच पेशंटचा एक्स-रे अगदी स्वच्छ असतो. धमनीच्या प्रकारात मात्र जवळपास नेहमीच हाडाचा काहीतरी दोष सापडतो, त्यामुळे थंड पडणारा हात आणि जादा बरगडी हे दोन्ही एकत्र दिसले तर व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांच्या) सर्जनकडे जायला उशीर नको.

उपचार, प्रकार बघून

नर्व्हच्या प्रकारात आधी फिजिओथेरपी, आणि ती सहा आठवडे ते तीन महिने तरी नीट करायची. "चार दिवस गेलो, मशीन लावलं, फरक नाही" ही फिजिओथेरपी नव्हे. मशीनने गल्ली रुंद होत नाही.

काय करायचं असतं? एक म्हणजे श्वास. स्केलीन स्नायू हे श्वासाचे मदतनीस आहेत. जे लोक टेन्शनमधे वरच्यावर, छातीने श्वास घेतात त्यांचे हे स्नायू दिवसभर पहिली बरगडी वर खेचत असतात, म्हणजे गल्लीची जमीनच वर येते. पोटाने श्वास घ्यायला शिकवलं की पेशंटला वाटतं ही बाई योगाचं काहीतरी सांगतेय, पण निम्मं काम तिथेच होतं. दुसरं, पाठीच्या पात्याला धरणारे स्नायू मजबूत करणं, म्हणजे खांदा खाली लोंबत नाही. तिसरं, छातीच्या आणि मानेच्या स्नायूंचं हलकं स्ट्रेचिंग. हलकं! मान खेचून मुंग्या आणायच्या नाहीत, मुंग्या आल्या म्हणजे नर्व्ह चिडली. बाकी रोजच्या सवयी: एका खांद्यावरची जड बॅग बंद, झोपताना हात उशीवर डोक्यामागे नाही, लोकलमधे वरची कडी धरण्याऐवजी दाराजवळचा दांडा खांद्याच्या खाली धरायचा (मिळाला तर!), आणि पार्लरवाल्या बाईंसाठी गिऱ्हाइकाची खुर्ची खाली करणं. त्यांना सगळ्या व्यायामांपेक्षा त्या खुर्चीनेच जास्त फरक पडला असं त्या अजून म्हणतात, मी वाद घालत नाही.

दुखणं कमी करायला गोळ्या असतात, काही ठिकाणी स्केलीन स्नायूत बोटॉक्सचं इंजेक्शन देतात, ते थोडे महिने स्नायू सैल ठेवतं, कायमचा इलाज नाही. मान कडकड मोडून देणाऱ्यांकडे मात्र जाऊ नका. निदान झालेलं नसताना आणि आत गुठळी असण्याची शक्यता असताना मानेला हिसके देणं म्हणजे आगाऊपणा आहे.

शिरेच्या प्रकारात व्यायामाने सुरुवात होत नाही. रक्त पातळ ठेवणारी औषधं लगेच सुरू होतात, आणि बरेचदा शिरेत बारीक नळी घालून गुठळी विरघळवतात. हे पहिल्या चौदा दिवसांत केलं तर चांगलं जमतं, नंतर गुठळी कडक होत जाते. मग पुन्हा होऊ नये म्हणून पहिली बरगडी काढायची. इथे कुणी बरगडी तशीच ठेवून शिरेत स्टेंट टाकू म्हणालं तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या, कारण छत आणि जमीन यांच्या मधे तो स्टेंट सतत चेपला जातो आणि तुटतो.

धमनीच्या प्रकारात ऑपरेशनच. गुठळी काढणं, जादा हाड काढणं आणि धमनीचा खराब झालेला भाग दुरुस्त करणं किंवा बदलणं.

"बरगडी काढली तर मग राहिलं काय?"

हा प्रश्न हमखास येतो, आणि साहजिक आहे. पहिली बरगडी ही छोटी, चपटी, कॉलर बोनच्या मागे लपलेली असते. ती काढल्याने श्वासाला किंवा हाताच्या ताकदीला काही कमी पडत नाही, छातीला बाहेरून खड्डाही पडत नाही. काखेतून किंवा कॉलर बोनच्या वर छेद देऊन काढतात, सोबत स्केलीन स्नायू आणि ते कडक पट्टे असतील तर तेही सोडवतात. काही सेंटरला दुर्बिणीने किंवा रोबोटनेही करतात.

पण ऑपरेशन सोपं आहे असं मी म्हणणार नाही. त्या बोळात सगळ्या महत्त्वाच्या गोष्टी खेटून आहेत, त्यामुळे फुप्फुसाला भोक पडून हवा साचणं, रक्तस्राव, श्वासाचा पडदा हलवणाऱ्या नर्व्हला इजा असे धोके आहेत, कमी पण आहेत. काहींना आत व्रण धरून वर्ष-दोन वर्षांनी त्रास परत येतो. म्हणून नर्व्हच्या प्रकारात ऑपरेशनचा विचार कधी, तर नीट फिजिओथेरपी करूनही रोजचं काम अडतंय, किंवा अंगठ्याजवळचं मांस झडायला लागलंय तेव्हा. आणि सर्जनला सरळ विचारायचं की तुम्ही ही ऑपरेशन्स वर्षाला किती करता. विचारायला लाजू नका, चांगला सर्जन चिडत नाही.

मग आधी कुणाकडे जायचं

सूज, निळेपणा, थंड पांढरा हात असेल तर सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत, आणि तिथे व्हॅस्क्युलर सर्जन आहे का विचारा. आपल्याकडे ते मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक अशा शहरांतच जास्त भेटतात, तालुक्याच्या डॉक्टरांकडून निदान डॉपलर तरी आधी करून घेता येतं. नुसतं दुखणं आणि मुंग्या असतील तर आधी फॅमिली डॉक्टर किंवा ऑर्थोपेडिक, मानेचा एक्स-रे, गरज वाटली तर मानेचा एमआरआय आणि नर्व्ह टेस्ट. जाताना एका कागदावर लिहून न्या की कुठल्या बोटांत मुंग्या येतात, हात कुठे असताना येतात, किती वेळाने येतात. "सगळा हात दुखतो" याच्यावरून कुणालाच काही कळत नाही, आम्हाला तर मुळीच नाही.

आणि डॉपलरला गेलात की सोनोग्राफीच्या टेबलवर झोपायच्या आधीच सांगा, डॉक्टर, हात खाली ठेवूनही बघा आणि वर करूनही बघा. चिठ्ठीवर तसं लिहिलेलं नसेल तर बहुतेक वेळा हात खाली ठेवूनच बघतात, आणि मग तुम्ही अजून एक नॉर्मल रिपोर्ट घेऊन घरी येता.